मांजर आणायचंय, पण शिंका येतात: घरात घेण्याआधी काय तपासावं

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक भाटी व्याली, तीन पिल्लं झाली आणि काही आठवड्यांत भाटी गाडीखाली सापडली. पिल्लं सध्या तळमजल्यावरच्या काकू सांभाळतात. त्यातलं करडं पिल्लू ताईंच्या सहा वर्षांच्या मुलाने मनाने आपलं करून टाकलंय, त्याचं नावही ठेवून झालंय. अडचण अशी, की ताईंच्या मैत्रिणीकडे दोन मांजरं आहेत आणि तिच्या घरात पाय ठेवला की ताईंना शिंका सुरू होतात, डोळे चुरचुरतात. लहानपणी त्यांना बाळदमा होता. अजूनही थंडीत छातीत घरघर होते. त्यांचे प्रश्न तीन: रक्ताच्या तपासणीत नक्की कळेल का, अ‍ॅलर्जी न होणारी एखादी जात मिळते का, आणि आणल्यावर त्रास झाला तर काय करायचं.

मी छातीविकार आणि अ‍ॅलर्जीची डॉक्टर आहे. बावीस वर्षं हेच काम करते आहे आणि माझ्या घरी दोन मांजरं आहेत, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळच्या आहेत. माझं उत्तर आधी सांगते, कारणं मागून देते. ताई, निर्णय रिपोर्टवर घेऊ नका आणि मुलाच्या डोळ्यांतल्या पाण्यावरही घेऊ नका. आधी दम्यावर ताबा आहे का ते तपासून घ्या. मग जे मांजर आणायचं तेच मांजर सहा ते आठ आठवडे तात्पुरतं सांभाळून पाहा. आणि जमलं नाही तर ते कोणत्या घरी जाईल, हे ते तुमच्या दारात येण्याआधी ठरवून ठेवा.

आता शिंका कशाने येतात ते पाहू, कारण इथेच बहुतेकांचा समज चुकतो. त्रास केसांचा नसतो. मांजराच्या त्वचेतल्या तेलग्रंथींत आणि लाळेत एक प्रथिन तयार होतं, त्याला फेल डी वन म्हणतात. मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्या दहातल्या नऊजणांच्या त्रासामागे हेच प्रथिन असतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, त्वचेचा कोंडा सुटतो आणि त्यासोबत हे प्रथिन हवेत जातं. त्याचे बरेचसे कण पाच मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. ते तासन् तास हवेत तरंगतात, भिंतींना, पडद्यांना, कपड्यांना चिकटतात आणि कपड्यांवरून ज्या घरात मांजर नाही तिथेही पोचतात. स्वीडनमध्ये शाळकरी मुलांचा अभ्यास झाला होता. ज्या वर्गात मांजर पाळणाऱ्या घरांतली मुलं जास्त होती, तिथे मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्या दमेकरी मुलांचा दमा शाळा उघडल्यावर बिघडला. वर्गात मांजर नव्हतं, फक्त वर्गमित्रांच्या कपड्यांवरचे कण होते.

हे कण इतके हलके असतात म्हणूनच मी रुग्णाला सगळ्यात आधी विचारते: त्रास केव्हा सुरू होतो? मांजराच्या अ‍ॅलर्जीत माणूस घरात शिरून सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच, फार तर अर्ध्या तासात, नाक वाहायला लागतं. मांजर समोर नसलं, आतल्या खोलीत कोंडलेलं असलं, तरीही. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचं तसं नसतं. ज्यांना आपण डस्ट माइट म्हणतो त्यांच्या विष्ठेचे कण जड असतात, गादी झटकली की उडतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात. अशा माणसाला सकाळी अंथरुणातून उठताना ओळीने दहा शिंका येतात, गोधडी काढली की येतात, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचं सामान खाली घेतलं की येतात.

हा फरक मी एवढा ताणून सांगते, कारण आपल्याकडे मांजरावर खोटा आळ फार येतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत गाद्या म्हणजे माइटची वसाहत असते. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटामागे बुरशी धरते. स्वयंपाकघरात झुरळं असतात, आणि झुरळांची अ‍ॅलर्जी हे शहरी दम्याचं एक मोठं कारण आहे. पुण्याकडे गाजरगवताचे परागकण त्यात भर घालतात. हे गवत १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज राज्यात त्याच्याशिवाय मोकळी जागा सापडत नाही. एवढं सगळं असताना घरात नवीन काय आलं, तर मांजर. मग दोष त्याच्या माथी. माझ्याकडे एक कॉलेजचा मुलगा आला होता. मांजर आणल्यावर दोन महिन्यांनी शिंका सुरू झाल्या म्हणून घरच्यांनी मांजर गावी पाठवून दिलं, तरी शिंका काही थांबेनात. तपासलं तर मांजराची चाचणी साफ कोरी, माइटची मात्र भरघोस. दोन महिन्यांपूर्वी तो वसतिगृहातून घरी परतला होता आणि आजीच्या जुन्या कापसाच्या गादीवर झोपायला लागला होता. गादी बदलली, उशीला आणि गादीला घट्ट विणीचं आवरण घातलं, आणि मांजर गावाहून परत आलं.

मुंबईकरांसाठी आणखी एक. खिडकीच्या छज्जावर किंवा एसीच्या डब्यावर कबुतरं बसत असतील आणि तुमचा त्रास शिंकांचा नसून कोरड्या खोकल्याचा आणि महिन्या-महिन्याने वाढत जाणाऱ्या दमाचा असेल, तर मांजर विसरा आणि छातीच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. पक्ष्यांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार वेगळा आणि गंभीर आहे.

आता कातडीवरच्या पुरळाचं. पिल्लू आणलं आणि आठवड्यात घोट्यांवर, पोटऱ्यांवर लाल खाजरे ठिपके उठले, तर त्या बहुधा पिसवा असतात. रस्त्यावरच्या पिल्लांच्या अंगावर त्या हमखास असतात. हातावर किंवा मानेवर गोल, कडेने लाल, मधे फिकट असा चट्टा आला तर ते गजकर्ण. मांजराच्या पिल्लांकडून ते सहज लागतं. दोन्हींवर इलाज आहे आणि दोन्हींचा अ‍ॅलर्जीशी संबंध नाही. त्यामुळे पिल्लू खालच्या काकूंकडे असतानाच त्याला पशुवैद्यांकडे नेऊन पिसवांचं औषध, जंतांचं औषध आणि त्वचेची तपासणी करून घ्या. नाहीतर मांजर सांभाळून पाहण्याची तुमची चाचणी पहिल्याच आठवड्यात भलत्याच कारणाने फसेल.

पहिला प्रश्न तपासणीचा. दोन चाचण्या खऱ्या कामाच्या. एक त्वचेवरची: हाताच्या आतल्या बाजूला अ‍ॅलर्जनचा, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थाचा, थेंब ठेवून सुईने हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांधी उठते का ते मोजतात. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी आली तर चाचणी सकारात्मक धरतात. त्याआधी पाच ते सात दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडीन या सगळ्या त्यात आल्या, आणि सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही हीच औषधं लपलेली असतात. दुसरी चाचणी रक्ताची: मांजराविरुद्धचं विशिष्ट आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर तयार करतं ते प्रतिपिंड, मोजतात. तिला गोळ्या बंद कराव्या लागत नाहीत, आणि बहुतेक प्रयोगशाळा ०.३५च्या वरचा आकडा सकारात्मक मानतात.

पण या दोन्ही चाचण्या सांगतात ते एवढंच, की तुमच्या शरीराने मांजराची ओळख शत्रू म्हणून नोंदवून ठेवली आहे. ते लढायला उठेल का आणि किती जोराने, हे त्या कागदावर नसतं. आकडा चांगला वर असूनही मांजराशेजारी निवांत झोपणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि आकडा जेमतेम असूनही दोन तासांत छाती भरलेली माणसंही. म्हणून चाचणीचा अर्थ लक्षणांच्या जोडीनेच लावायचा. ताई, तुमच्या बाबतीत मैत्रिणीच्या घरची हकिगत इतकी नेमकी आहे, की चाचणी सकारात्मक येईल असंच मी धरून चालेन. तरीही ती करा. मांजर, माइट, झुरळ, बुरशी आणि तुमच्या भागातले परागकण, एवढ्यांचीच. माइट आणि मांजर दोन्ही निघाले, तर माइटचा बंदोबस्त करून एकूण ओझं कमी करता येतं, आणि काही वेळा तेवढ्याने मांजर सोसवतं.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. एकूण आयजीई हा आकडा जंतांनीही वाढतो, इसबानेही वाढतो. त्यावरून मांजराबद्दल काहीच ठरत नाही. आणि शंभर-दोनशे पदार्थांची जी आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाची पॅकेजं विकली जातात किंवा केसांचा नमुना घेऊन जी अ‍ॅलर्जी सांगितली जाते, तिला वैद्यकीय आधार नाही. त्या यादीपायी मुलांचं दूध, अंडी, गहू बंद केलेले आईबाप माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा फार वाईट वाटतं.

दुसरा प्रश्न जातीचा. याचं उत्तर सरळ आहे: अ‍ॅलर्जी न होणारी मांजराची जात नाही. सायबेरियन, बालिनीज, बिनकेसाचं स्फिंक्स, सगळ्यांच्या लाळेत आणि कातडीत फेल डी वन असतं. स्फिंक्सला केस नाहीत, पण तेलग्रंथी आहेत आणि जीभही आहे. मोठी रक्कम घेऊन "अ‍ॅलर्जी-फ्री" मांजर विकणारा तुम्हाला अर्धसत्यही सांगत नाही. लांब केसांच्या पर्शियनचा आपल्या हवेत स्वतःचाच त्रास इतका असतो, की अ‍ॅलर्जीच्या घरात ती सांभाळण्याचा सल्ला मी देत नाही. रंगाचाही ठोस संबंध दिसलेला नाही. काळं असो की करडं, फरक पडत नाही.

फरक पडतो तो दोन गोष्टींनी. एक म्हणजे ते मांजर स्वतः. एकाच जातीच्या, अगदी एकाच वेताच्या दोन मांजरांमध्येही या प्रथिनाचं प्रमाण बरंच वेगळं असू शकतं. मैत्रिणीच्या मांजरांनी त्रास होतो म्हणजे काकूंकडच्या पिल्लाने तेवढाच होईल असं नाही, आणि उलटही नाही. दुसरी गोष्ट बोका की भाटी, आणि ऑपरेशन झालंय की नाही. ऑपरेशन न झालेला बोका सगळ्यात जास्त प्रथिन तयार करतो, कारण त्याचं प्रमाण नर-हार्मोनवर अवलंबून असतं. निर्बीजीकरण केल्यावर ते उतरतं.

यातून निघणारा सल्ला तुमच्या मुलाला आवडणार नाही, तरी सांगते. अ‍ॅलर्जीची शंका असलेल्या घराने पिल्लापेक्षा वयात आलेलं, ऑपरेशन झालेलं मांजर घ्यावं. पिल्लू दोन महिन्यांचं असताना सगळं छान चालतं, सगळ्यांना वाटतं सुटलो. मग सात-आठ महिन्यांत तो बोका होतो आणि तेव्हा शिंका सुरू होतात. तोवर मुलाचा जीव जडलेला असतो. मोठं मांजर जसं आहे तसं पहिल्या दिवसापासून दिसतं. शिवाय प्राणिमित्रांकडे पिल्लं हातोहात जातात आणि तीन-चार वर्षांची गुणी मांजरं मागे राहतात. तरीही करडंच हवं असेल, तर ते पाच-सहा महिन्यांचं झालं की ऑपरेशन करून घ्यायचं हे आजच ठरवा, आणि चाचणीचा काळ त्यानंतरही दोन-तीन महिने चालू आहे असं समजा.

आता मुख्य गोष्ट, घरातली चाचणी. त्याआधी एक अट आहे आणि तिच्यावर मी तडजोड करत नाही. थंडीत छाती घरघरते असं तुम्ही लिहिलंय. ते किरकोळ नाही. बाळदमा मोठेपणी गेला असं आपण म्हणतो, पण काहींच्या बाबतीत तो नुसता दबून बसलेला असतो. आधी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजायची तपासणी, करून घ्या. दमा निघाला, तर रोजचा पंप सुरू करून निदान दोन-तीन महिने तो ताब्यात ठेवा. रात्री खोकल्याने जाग येत नाही, जिना चढताना थांबावं लागत नाही, तातडीचा निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत नाही, अशी स्थिती आली की मांजराचं बोलू. गेल्या वर्षभरात दम्यासाठी कुणाला रुग्णालयात भरती व्हावं लागलं असेल, तर त्या घरात मांजराची चाचणी करू नये. हे मी मांजरप्रेमी असूनच सांगते आहे.

मुलाकडेही बघा. त्याला इसब आहे का, सर्दी झाली की छाती वाजते का? असेल तर त्याचीही तपासणी करा. आपली मुलं हौसेपायी त्रास लपवतात. डोळे चोळून लाल झाले तरी "काही नाही" म्हणतात.

चाचणीची वेळ नीट निवडा. नवरात्र-दिवाळीची झाडलोट, फटाक्यांचा धूर, घराची रंगरंगोटी, पावसाळ्यातली ओल, यांपैकी काही चालू असताना मांजर आणलंत तर कोणाचा दोष कोणाला द्यायचा हेच कळणार नाही. सर्दी-तापातून उठल्यावर लगेचही नको.

औषधांच्या दुकानात पीक फ्लो मीटर मिळतो, साधी प्लॅस्टिकची नळी असते, फार महाग नाही. मांजर येण्याआधी दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ तीनदा जोरात फुंकून त्यातला मोठा आकडा वहीत लिहा. तो तुमचा मूळ आकडा. मांजर आल्यावरही लिहीत राहा आणि शेजारी तीन रकाने करा: शिंका, झोप, निळा पंप. शिंका किती आल्या हे मन विसरतं, आणि मांजर आवडायला लागलं की जाणूनबुजून विसरतं. आकडा स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली येऊ लागला तर डॉक्टरांना कळवा आणि चाचणी थांबवा. ५० टक्क्यांखाली गेला, किंवा बोलताना वाक्य पुरं करता येईना, तर निळा पंप घेऊन थेट दवाखाना गाठा.

सहा ते आठ आठवडेच का? एक संध्याकाळ मैत्रिणीकडे बसून कळत नाही का? पूर्ण कळत नाही. नवीन घरात हे प्रथिन हळूहळू साठत जातं, सोफ्यात, पडद्यांत, गादीत. पहिल्या आठवड्यातला शून्य त्रास चौथ्या आठवड्यात टिकेलच असं नाही. शिवाय शरीराची प्रतिक्रिया दोन टप्प्यांत येते: शिंका लगेच, आणि काही तासांनी, बहुधा रात्री, छातीत दाटणं. संध्याकाळच्या भेटीत तो दुसरा टप्पा मांजराच्या खात्यावर लिहिलाच जात नाही.

उलट प्रकारही घडतो. रोजच्या सहवासाने काहींचं शरीर मांजराला सोसायला शिकतं. मांजर असलेल्या घरातली मुलं शिकायला पुण्याला जातात आणि दिवाळीत घरी आली की पहिल्यांदाच शिंकायला लागतात, कारण मधल्या काळात ती सवय सुटलेली असते. पण सवय होईल या भरवशावर छाती घरघरत असताना दिवस ढकलू नका. नाकाच्या बाबतीत थोडी वाट बघता येते, छातीच्या बाबतीत नाही.

या काळात घर कसं ठेवायचं? आपल्या घरांची एक बाजू फार चांगली आहे: खाली फरशी असते, गालिचा नसतो. गालिच्यात हे प्रथिन कितीतरी पटींनी साठतं. पण झाडू मारल्याने ते उडतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसणं बरं, आणि ते काम ज्याला त्रास नाही त्याने करावं. झोपायची खोली मांजराला कायमची बंद, पहिल्या दिवसापासून. मग दया येऊन उघडायची नाही. एकाच खोलीचं घर असेल तर हे जमत नाही हे मला कळतं. तिथे निदान अंथरूण-पांघरूण दिवसा गुंडाळून कपाटात ठेवा आणि आठवड्याला धुवा. सोफ्यावर धुता येईल असा पलंगपोस टाका. जाड पडद्यांच्या जागी सुती. दिवसातून दोनदा खिडक्या उघडून वारा खेळू द्या, अर्थात खिडकीला जाळी बसवूनच. वरच्या मजल्यांवरून मांजरं पडतात. बंद खोलीत एसी लावून मांजरासोबत झोपणं म्हणजे स्वतःहून त्रास ओढवून घेणं. मांजराला हात लावला की साबणाने हात धुवायचे आणि तोवर डोळ्यांना हात नाही. मुलाला हे आठ दिवसांत जमतं, मोठ्यांनाच वेळ लागतो. केस विंचरणं आणि लिटरचा ट्रे साफ करणं हे काम घरातल्या बिनत्रासाच्या माणसाकडे.

हेपा फिल्टरची, म्हणजे हवा गाळणारी, यंत्रं हवेतले कण कमी करतात, पण सोफ्यातले नाही. झोपायच्या खोलीत लावायला हरकत नाही. मात्र ती खोली मांजराला उघडी ठेवून यंत्रावर खर्च करणं फुकट. आठवड्याला मांजराला आंघोळ घालायचा सल्ला सर्रास मिळतो. आंघोळीने प्रथिन कमी होतं खरं, पण आठवडाभरात पुन्हा पहिल्यासारखं होतं, आणि मधल्या मधे मांजराचा तुमच्यावरचा विश्वास जातो. मी हे कुणाला सांगत नाही. एक नवी गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्युरिना कंपनीने २०२० मध्ये असं खाद्य बाजारात आणलं, ज्यात कोंबडीच्या अंड्यातली, फेल डी वनला बांधून टाकणारी प्रतिपिंडं असतात. रोज दिल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून मांजराच्या केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झालं, असं कंपनीच्याच संशोधकांनी प्रसिद्ध केलं आहे. ही मदत आहे, इलाज नाही.

औषधांचं थोडक्यात. नाक चोंदणं आणि शिंका यांवर रोजचा स्टेरॉइडचा नाकातला फवारा सगळ्यात उपयोगी. त्यातलं औषध थेट नाकात पडतं, म्हणून "स्टेरॉइड" शब्दाला घाबरू नका; पण त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून डॉक्टरांना विचारून तो मांजर यायच्या आधीच सुरू करा. नाक लगेच मोकळं करणारे थेंब पाच-सात दिवसांपलीकडे वापरू नका. मग त्यांच्याशिवाय नाक उघडत नाही. माँटेल्युकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनची जोडगोळी आपल्याकडे शेंगदाण्यासारखी खाल्ली जाते. माँटेल्युकास्टने काहींना झोपेत भयाण स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार येतात, आणि म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर आपला सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. लहान मुलांना तर ती स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका. आणि महिन्याला एक इंजेक्शन घेतलं की अ‍ॅलर्जी गायब, असं कुणी सांगत असेल तर ते बहुधा लांब पल्ल्याचं स्टेरॉइड असतं. त्याची किंमत हाडं आणि साखर मोजतात.

अ‍ॅलर्जीची लस, म्हणजे इम्युनोथेरपी, मांजरासाठीही देता येते. किमान तीन वर्षं चालते, प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावं लागतं, आणि दमा ताब्यात नसेल तर देता येत नाही. काहींना तिने खरोखर आराम पडतो. पण "लस घेऊ आणि मांजर आणू" हा क्रम नको. ज्यांच्या घरी मांजर आहेच आणि जे त्याला सोडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी मी ती राखून ठेवते.

तिसरा प्रश्न: आणल्यावर त्रास झाला तर? इथे मला माझी एक जुनी चूक सांगायला हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका यायच्या. दमा होता, घरी अकरा वर्षांचा बोका होता, नवरा जाऊन वर्ष झालं होतं. मी पहिल्याच भेटीत, केसपेपरवरून नजर न उचलता, "मांजर देऊन टाका" म्हटलं आणि पुढचा रुग्ण बोलावला. त्या परत आल्याच नाहीत. सात महिन्यांनी दुसऱ्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातून त्यांच्या कागदांसाठी फोन आला. त्यांनी मांजर दिलं नव्हतं. डॉक्टर बदलला होता, आणि नव्या डॉक्टरांपासून मांजर लपवलं होतं. त्या वाचल्या. नंतर आम्ही दोघींनी बसून ठरवलं: बोक्याचं ऑपरेशन, झोपायची खोली बंद, पंप नियमित, महिन्याला तपासणी. तो बोका आणखी चार वर्षं त्यांच्यासोबत राहिला. तेव्हापासून मी मांजराबद्दल आधी नाव विचारते. लोक खरं बोलतात.

म्हणून ताई, तुमच्या डॉक्टरांपासून मांजर लपवू नका. आणि ते "आधी मांजर घालवा, मग या" एवढंच म्हणाले, तर दुसऱ्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांचं मत घ्या.

पण घरातल्या चाचणीचा निकाल चांगला नाही आला, आकडे उतरले, रात्री बिघडल्या, तर मांजर परत जाणं हाच योग्य निर्णय असतो. काकूंशी किंवा एखाद्या प्राणिमित्राशी आजच स्पष्ट बोलून ठेवा: आम्ही आठ आठवडे सांभाळून बघतोय, जमलं नाही तर तुमच्याकडे किंवा अमुक घरी. मुलालाही हेच शब्द आधी सांगा, की हे आपल्याकडे राहायला आलंय, आपलं व्हायचं की नाही ते आईच्या छातीवर ठरेल. ज्या मुलांना हे आधी माहीत असतं, ती रडतात पण आईला दोष देत नाहीत. जे करू नये ते एकच: कंटाळून मांजर बाजारात किंवा दुसऱ्या सोसायटीत सोडून येणं. घरात वाढलेलं मांजर रस्त्यावर फार दिवस काढत नाही, आणि प्राण्याला असं उपाशी-तहानलेलं टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

मांजर गेल्यावर त्रास लगेच थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. घरात साठलेलं प्रथिन उतरायला चार ते सहा महिने लागतात. "मांजर देऊन पंधरा दिवस झाले, तरी शिंका आहेतच, म्हणजे मांजराचा दोष नव्हता" असा हिशेब लोक मांडतात, तो चुकतो. गाद्या उन्हात घाला, सोफ्याची आवरणं आणि पडदे धुवा, भिंती ओल्या फडक्याने पुसा, आणि औषधं तोवर चालू ठेवा. याच कारणाने भाड्याचं नवीन घर घेताना, दमेकरी माणसाने आधीच्या भाडेकरूकडे मांजर होतं का हे विचारावं.

जाता जाता एक, अ‍ॅलर्जीशी संबंध नसलेलं पण पार्किंगमधल्या पिल्लांबाबत टाळता न येणारं. पिल्लाने बोचकारलं किंवा चावलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. मांजराकडूनही रेबीज होतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याची लस.

तर तुमचा क्रम असा: या आठवड्यात स्पायरोमेट्री, त्वचेची चाचणी, आणि करड्याला पशुवैद्यांकडे. दमा निघाला तर त्याला लागेल तेवढा वेळ द्या. तोवर मुलाला रोज संध्याकाळी काकूंकडे खाली जाऊ द्या, खेळू द्या, आणि वर आल्यावर हातपाय धुऊन कपडे बदलू द्या. त्या दिवसांतही वही लिहा. मुलाच्या नुसत्या कपड्यांवरून तुम्हाला शिंका येतात का, हे पहिल्याच पंधरवड्यात कळेल, आणि पुढच्या वेळी माझ्यासारख्या कुणा डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा ती वही सोबत न्या.